रॅचेटला डोकं नव्हतं

बडोद्यात ट्रान्सफॉर्मर हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. मकरपुरा जीआयडीसीत आणि शहराच्या आजूबाजूला विजेचे ट्रान्सफॉर्मर बनवणारे इतके कारखाने, की दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत घरटी कुणीतरी कॉइल गुंडाळायला, टाकीला वेल्डिंग करायला, नाहीतर आमच्या बाबांसारखं ड्रॉइंग काढायला तिकडे जायचंच. त्यामुळे १९८६च्या जानेवारीत मी धावत घरात शिरून "बाबा, मला ट्रान्सफॉर्मर मिळाला!" असं ओरडलो, तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "किती केव्हीएचा?"

माझा ट्रान्सफॉर्मर म्हणजे उलगडलं की गाडीचा रोबो होणारं खेळणं. तो मिळाला त्याला कारण उत्तरायण. शेजारच्या काकांचा थोरला मुलगा न्यू जर्सीला. दोन-तीन वर्षांनी एकदा ती मंडळी पतंगांसाठी यायची, नाकाची सालं निघेपर्यंत अगाशीवर उन्हात बसायची आणि परतायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅगा ठेवून भांडायची. त्या भांडणात माझं नशीब उघडलं. अथाण्याच्या बरण्या आणि खाखऱ्यांचे डबे बसेनात म्हणून नातवाचं एक खेळणं बॅगेतून बाहेर आलं. "लई जा, दीकरा," काकी म्हणाल्या, आणि माझ्या हातात एक पांढरी व्हॅन ठेवली. तिच्याबरोबर एक व्हिडिओ कॅसेटही मिळाली. तीत त्या व्हॅनची गोष्ट होती म्हणे.

व्हॅन रुग्णवाहिकेची होती आणि हाताला जड लागायची, कारण अर्धं प्लास्टिक, अर्धा ओतीव धातू. नाव रॅचेट. बाबांना हे नाव फार आवडलं. "रॅचेट म्हणजे पाना. डॉक्टरचं नाव पाना? वा!" व्हॅन उलगडायची पद्धत मी दोन दिवसांत पाठ केली. पुढचा भाग उभा केला की त्याला पाय फुटायचे, बाजूंनी हात निघायचे आणि मागचा अर्धा भाग पूर्ण सुटा होऊन त्याचा तोफा लावलेला एक गाडा व्हायचा. सगळं झालं की रोबो उभा राहायचा आणि त्याला डोकं नसायचं.

हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. खांद्यांच्या वर व्हॅनची पुढची काच होती, आणि काचेच्या आत, जिथं डोकं असायला हवं तिथं, एक चेहऱ्याचं स्टिकर. ते न्यू जर्सीच्या नातवानं तिरकं लावलेलं. म्हणजे रोबो तर होताच, वर कायम मान कलती ठेवून संशयानं बघणारा रोबो.

कॅसेट काकांच्या व्हीसीआरवर लावली. अमेरिकेची टीव्ही-पद्धत एनटीएससी आणि आपली पाल. त्यामुळे चित्र लागलं ते कृष्णधवल आणि दर मिनिटाला वर सरकणारं. तरी दिसायचं ते दिसलंच. पडद्यावरच्या रॅचेटला व्यवस्थित डोकं होतं. कपाळ, डोळे आणि मुख्य म्हणजे तोंड. तो बोलत होता, चिडत होता, दुसऱ्या रोबोंची दुरुस्ती करत होता. सुटा होणारा गाडा कुठेच नव्हता; अख्खी व्हॅन उभी राहायची आणि तिचाच रोबो व्हायचा. माझ्या खेळण्यावर वीसेक स्टिकरं होती, पट्टे होते, खिडक्यांच्या चौकटी होत्या, बारीक अक्षरं होती, चकचकीत मुलामा दिलेले भाग होते. पडद्यावर त्यातलं जवळजवळ काही नाही. आणि छोटा चौकोनी काळा ठिपका होता, ज्यावर बोट घासलं की उष्णतेनं रंग बदलून खालचं चिन्ह दिसायचं आणि रोबो कुठल्या पक्षाचा ते कळायचं. हा ठिपका म्हणजे माझ्या दृष्टीनं त्या खेळण्याचा आत्मा होता. मी पाहिलेल्या भागांत कुणीही कुणाला थांबवून, छातीवर बोट घासून, तू आमच्यातला की त्यांच्यातला हे तपासलं नाही. इतकी सोय असताना ते एकमेकांवर सरळ गोळ्या का झाडतात, हे मला कळेना.

मी बाबांकडे तक्रार नेली. माझं म्हणणं असं की कार्टूनवाल्यांनी फसवलंय. बाबांनी रॅचेटला हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाच्या खणातून व्हर्नियर काढलं. काचेच्या आत त्याची टोकं घालून त्यांनी माप घेतलं, मग नखानं चेहऱ्याचं स्टिकर हलकेच उचललं. माझा जीव वरखाली होत होता.

"हे डोकं नाहीच रे," ते म्हणाले. "ही खुर्ची आहे. बघ, पाठ आहे, बैठक आहे. इथं सव्वा इंचाचा माणूस बसत असणार."

"कुठला माणूस?"

"ते मला काय माहीत! पण कुणी हौसेनं खुर्ची ओतत नाही. साच्याला पैसे पडतात. खुर्ची असली म्हणजे बसणारा असतोच."

त्या दिवाळीला मी किल्ल्यावरचा सगळ्यात लहान मावळा त्या खुर्चीत बसवून पाहिला. तो कमरेपर्यंतच आत गेला, आणि ढाल काचेला अडली.

बाबांचं ते वाक्य खरं निघायला वीसेक वर्षं गेली. नोकरीनिमित्त इंटरनेट हाताशी आलं तेव्हा मी पहिल्यांदा या खेळण्यांचा इतिहास वाचला. ट्रान्सफॉर्मर्स जन्माला आले तेच दत्तक म्हणून. जपानच्या ताकारा कंपनीनं १९८०मध्ये डायाक्लोन नावाची खेळणी काढली होती. त्यांच्या गोष्टीत रोबोंना स्वतःचा जीव नव्हता. ती यंत्रं होती आणि ती चालवायला आत माणसं बसत. तळपायात लोहचुंबक असलेली, इंचभर उंचीची, प्लास्टिकची चिमुकली माणसं. गाड्यांची दारं उघडायची ती त्यांच्यासाठी, विमानांच्या काचा वर व्हायच्या त्या त्यांच्यासाठी. पुढे अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं ही खेळणी आणि ताकाराचीच मायक्रो चेंज नावाची दुसरी मालिका घेऊन १९८४मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावानं बाजारात आणली आणि गोष्ट पार बदलली. आता रोबोच जिवंत, परग्रहावरून आलेले, नावगाव आणि स्वभाव असलेले. माणसं काढून टाकली. साचे मात्र तेच राहिले, कारण साच्याला पैसे पडतात. म्हणून खुर्च्या राहिल्या. रॅचेटच्या खुर्चीला चेहरा चिकटवला, इतकंच. सगळ्यांच्या लाडक्या, ट्रकचा रोबो होणाऱ्या ऑप्टिमस प्राइमच्या केबिनमध्येही अशी बसायची जागा आहे, आणि ती रिकामी आहे.

म्हणजे खेळण्यावर असलेली आणि कार्टूनमध्ये नसलेली कितीतरी वैशिष्ट्यं दुसऱ्याच एका गोष्टीतून आलेली होती. वाडा विकत घेतल्यावर भिंतीत जुन्या मालकाचे कोनाडे निघतात ना, तसं. आपण त्यात दिवा ठेवतो, नाहीतर मोबाइलचा चार्जर. कोनाडा कशासाठी होता ते कोनाड्यालाच ठाऊक.

पण स्टिकरांचं काय? ती का गाळली? याचं उत्तर मला वाचून कळलं नाही, हातानं कळलं. आणि तेही १९८६च्याच उन्हाळ्यात.

मी कार्टूनवाल्यांची तक्रार नेली होती, त्या रात्री बाबांनी मला त्यांचं एक ट्रेसिंग दाखवलं होतं. ट्रान्सफॉर्मरचं जी.ए. ड्रॉइंग, म्हणजे जनरल अरेंजमेंट: टाकी, वर तेलाचा आडवा पिंप, म्हणजे कन्झर्वेटर, बाजूंना रेडिएटरच्या पाकळ्या, डोक्यावर बुशिंगांचे तुरे. "झाकणाला बोल्ट किती आहेत मोज," म्हणाले. मी मोजला तर एक. एकच बोल्ट नीट काढलेला, बाकीच्या जागी नुसत्या छोट्या फुल्या, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं: एम १६, ४८ नग. "अठ्ठेचाळीस बोल्ट काढत बसलो तर संध्याकाळ होईल आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात गर्दी होईल ती वेगळीच. आणि आटे तर कुणी काढतच नाही. एक जाड रेघ, आत एक बारीक रेघ. ज्याला कळायचं त्याला कळतं की इथे आटे आहेत." मग थोडं थांबून म्हणाले, "मी तरी एकच चित्र काढतो. त्यांना तर हलवायचंय. तू काढून बघ."

कारखान्यातले बाद झालेले अमोनिया प्रिंट ते घरी आणायचे. मागची बाजू कोरी असायची आणि नाकाला झोंबणारा वास महिनाभर टिकायचा. त्याचे हातभर कागद कापून, टाचून त्यांनी मला एक जाडजूड वही करून दिली. तिच्या कोपऱ्यात मी रॅचेट काढायला लागलो. पानं भराभर सोडली की व्हॅनचा रोबो व्हावा, असा बेत होता. पहिल्या पानावर सगळी स्टिकरं काढली. तासभर गेला. दुसऱ्या पानावर तेवढाच. चौथ्या पानावर मी बारीक अक्षरांच्या जागी रेघोट्या मारल्या. सातव्या पानावर रेघोट्याही गेल्या. अकराव्यावर पट्टे गेले, लाल क्रॉस मात्र मी हट्टानं ठेवला होता. विसाव्या पानावर राहिलं ते एक खोकं, दोन हात, दोन पाय आणि एक डोकं. हो, डोकं. मलाही ते हवंच होतं. व्हॅनच्या काचेकडे बघून कुणी रागावलंय की घाबरलंय हे कसं दाखवणार?

खरी गंमत पुढे होती. पानं सोडून पाहिली तर पहिली सहा-सात पानं बघवेनात. ज्यांच्यासाठी जीव काढला होता ती स्टिकरं भाताच्या आधणासारखी उकळत होती. प्रत्येक पानावर ती केसभर इकडेतिकडे पडली होती. एकेका पानात ते कळत नव्हतं, पण पळवल्यावर सगळी व्हॅन खाजऱ्या कुत्र्यासारखी थरथरत होती. आणि जिथं मी आळशीपणा केला होता, ते साधं खोकं? ते चक्क चाललं. एक पाऊल, दुसरं पाऊल, ऐटीत.

या शोधाचं श्रेय मी कुणाला द्यायला तयार नाही. अॅनिमेशनच्या शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात म्हणे. मला दहाव्या वर्षी, मांडी घालून, झोपाळ्याशेजारी कळलं. मात्र हिशेब बाबांनी घालून दिला होता. हिशेब असा: चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी. हाताच्या कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. समजा, एका भागात आपला रोबो पाच मिनिटं पडद्यावर आहे आणि सतत हलतोय. झाली ३,६०० चित्रं. त्याच्या अंगावर वीस स्टिकरं. झाली ७२,००० स्टिकरं, प्रत्येक हातानं काढायचं, पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तावावर, उतरवायचं, मागून रंगवायचं. एका रोबोची, एका भागात. टीव्हीवाले अर्थातच पुष्कळ वेळा नुसतं तोंड हलवून बाकी चित्र स्थिर ठेवतात, त्यामुळे खरा आकडा कमी होतो. पण कमी होऊनही तो कुणाच्या तरी बोटांतूनच जातो. ट्रान्सफॉर्मर्सच्या त्या पहिल्या मालिकेचं बरंचसं काम जपानमध्ये तोएई स्टुडिओत झालं, पुढे दक्षिण कोरियातही. शोहेई कोहारा आणि फ्लोरो डेरी या चित्रकारांनी खेळण्यांवरून पात्रांचे नमुने बांधले. त्यांचं काम खेळणं हुबेहूब उतरवायचं नव्हतं. परदेशातल्या, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांनी काढलं तरी एकच दिसेल असं काहीतरी त्यांना उरवायचं होतं. ते करूनही त्या मालिकेत रंगांचे घोळ प्रसिद्ध आहेत. एकाच साच्यातून काढलेली तीन विमानं एकमेकांचे रंग घालून हिंडतात. साधं करूनही एवढं, तर स्टिकरं असती तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

आणखी एक बारीक गोष्ट. एकाच बाजूला असलेली खूण चित्रकाराला नकोशी असते. वेळ वाचवायला चित्र उलटं फिरवून वापरायचं म्हटलं की डाव्या खांद्यावरचा आकडा टुणकन उजव्या खांद्यावर जातो, आणि आकडा असेल तर आरशातला दिसतो. म्हणून कार्टूनमधली मंडळी बघा, दोन्हीकडून सारखी. भांगसुद्धा मधोमध, किंवा मग भांगच नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, अहो, पण ही कार्टूनं म्हणजे खेळण्यांची जाहिरातच होती ना? मग जाहिरातीत माल जसाच्या तसा दाखवायला नको? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत यावर जुनं भांडण आहे. १९६९मध्ये हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांवर कार्टून निघालं तेव्हा तिथल्या प्रसारण आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, कान पिळले: हा कार्यक्रम नसून अर्ध्या तासाची जाहिरात आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात वारं बदललं, १९८४मध्ये बंधनं सैल झाली आणि खेळण्यांवरून निघालेल्या कार्टूनांचा पूर आला. १९९०च्या कायद्यानं मुलांच्या कार्यक्रमांमधल्या जाहिरातींवर पुन्हा मिनिटांची मर्यादा आली, पण तोवर एक पिढी मोठी झाली होती.

माझं मत असं की जाहिरात होती म्हणूनच माल जसाच्या तसा दाखवला नाही. प्लास्टिकचा पाय, त्यात स्क्रू, पायाखाली कंपनीचं नाव कोरलेलं, हे दाखवून मूल रडत नाही. मूल रडतं ते कुणीतरी मेलं तर. त्यासाठी चेहरा हवा, बोलणारं तोंड हवं. म्हणून रॅचेटला डोकं आलं, बम्बलबी नावाच्या दुसऱ्या रोबोच्या मुखवट्याला ओठ आले. विकायचा होता तो जीव; खेळणं त्याची पावती.

ही-मॅनचं उदाहरण तर याहून मजेदार. आमच्या पिढीला हा कार्टूनमधला तलवारबहाद्दर दूरदर्शननं दिला. आणि त्याची खेळणी इथेही मिळत, भारतात लिओ कंपनी ती बनवायची. माझ्या आतेभावाकडे होता, कंबर पिळून सोडली की गर्रकन फिरून ठोसा मारणारा. आतेभावानं तो ठोसा माझ्या नाकावर आजमावला होता, म्हणून खात्रीनं सांगतो की स्प्रिंग चांगली होती. अमेरिकेत मॅटेल कंपनीनं ही खेळणी १९८२मध्ये काढली, तेव्हा ही-मॅनची तलवार एका बाजूनं सपाट होती. कारण ती अर्धीच होती! दुसरा अर्धा भाग स्केलेटरकडे. दोन्ही अर्ध्या जोडल्या की ग्रेस्कल किल्ल्याची किल्ली तयार होते, अशी मूळ कल्पना. खेळण्यांबरोबर येणाऱ्या छोट्या चित्रपुस्तिकांत तशी गोष्टही होती. काय सुंदर कल्पना आहे! नायक आणि खलनायक दोघांकडे एकाच शस्त्राची अर्धी-अर्धी पाती. पुढच्याच वर्षी फिल्मेशन स्टुडिओचं कार्टून आलं आणि त्यात तलवार अख्खी झाली, ती उंचावून मंत्र म्हणायचा आणि राजपुत्राचा ही-मॅन व्हायचा. फिल्मेशनला आठवड्याचे पाच दिवस पुरतील असे ६५ भाग एका दमात काढायचे होते. त्यामुळे तोच मंत्र, तीच वीज, तीच उडी पुन्हा पुन्हा वापरायची, हे त्यांचं शास्त्र. शिवाय लहान मुलांच्या कार्यक्रमात मारामारीवर करडी नजर. ज्याची कंबर ठोसा मारण्यासाठीच बनवली होती, तो कार्टूनमध्ये माणसांना सहसा ठोसा मारतच नाही. उचलून चिखलात टाकतो, आणि शेवटी उपदेश करतो. अर्ध्या तलवारीबद्दल मला अजून वाईट वाटतं. बाकी सगळं गाळलेलं मी माफ केलंय.

उलटही घडतं, हे सांगायला हवं. जपानात १९७९मध्ये गुंडाम ही रोबोंची कार्टून मालिका आली, तेव्हा तिचा पैसा क्लोव्हर या खेळण्यांच्या कंपनीचा होता. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना युद्धाची गंभीर गोष्ट सांगायची होती आणि कंपनीला जोडता-तोडता येणारं काहीतरी विकायचं होतं. म्हणून रोबोला जोडलं जाणारं एक रणगाडाविमान मधेच मालिकेत अवतरलं. खेळणी काही खपली नाहीत. ५२ भागांची मालिका ४३ भागांत आटोपती घेतली. पुढे तिच्यावरून चित्रपट केले तेव्हा तोमिनोंनी ते रणगाडाविमान काढून त्या जागी साधं विमान घातलं. म्हणजे एकदा घुसडलेलं वैशिष्ट्य संधी मिळताच उपटून टाकलं. आणि गंमत बघा, त्याच गुंडामची प्लास्टिकची जोडणी-मॉडेलं बांदाई या दुसऱ्या कंपनीनं १९८०पासून काढली आणि ती तुफान चालली. आज त्या मॉडेलांवर पत्र्याचे सांधे कोरलेले असतात, 'इथे पाय देऊ नका' छापाच्या बारीक सूचनांची स्टिकरं असतात. पडद्यावर नसलेलं सगळं टेबलावर. लोक ती चिमट्यानं लावत रात्री जागवतात.

यावरून मला आमच्या देवघराबाहेरचं सरस्वतीचं चित्र आठवतं. बडोदेकराला रवी वर्मा सांगायला लागू नये. सयाजीराव महाराजांनी रंगवून घेतलेली त्यांची मूळ तैलचित्रं लक्ष्मी विलास राजवाड्यात अजून आहेत. तिथं साडीच्या जरीवर प्रकाश पडलेला दिसतो, मोत्यात मोती दिसतो. १८९४मध्ये मुंबईला त्यांचा छापखाना सुरू झाला आणि दगडावरून रंगामागून रंग छापत तीच सरस्वती घरोघरी गेली. दगडाला जमेल तेवढीच गेली. जर पिवळी झाली, मोत्यांचे ठिपके झाले. मग घराघरांतल्या बायकांनी काय केलं? चित्रावर खरी जर शिवली, टिकल्या चिकटवल्या, खोटे मोती लावले. आमच्या चित्रावरची जर पणजीच्या हातची आहे. काठाला ती सुबक आहे, वीणेजवळ येईपर्यंत पणजी कंटाळलेली स्पष्ट दिसते. एका दगडावरून हजारो प्रती काढणाऱ्यानं जे सोडलं, ते ज्याच्याकडे एकच प्रत होती त्यानं भरलं. न्यू जर्सीच्या त्या नातवानं तिरकं स्टिकर लावलं, ते काही वेगळं नव्हतं.

सगळंच कार्टूनवाल्यांनी गाळलं असंही नाही हं. माझ्या रॅचेटच्या तोफेतून गोळा उडायचा नाही. नुसता टपकन पडायचा. मला वाटे, स्प्रिंग बिघडली. तसं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका खेळण्याचं चिमुकलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल गेलं, आणि त्यानंतर तिकडे उडणाऱ्या गोष्टींची धार गेली. जपानी खेळण्यात स्प्रिंग दणदणीत होती, अमेरिकन अवतारात ती मुद्दाम दुबळी केली. कार्टूनमध्ये मात्र गोळ्यांचा पाऊस. या बाबतीत खेळणं शहाणं होतं.

आता माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याची तक्रार बरोबर उलटी. २००७च्या ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटात संगणकावर बांधलेल्या ऑप्टिमस प्राइमला १०,१०८ भाग होते; प्रत्येक गिअर, प्रत्येक नळी. संगणकाला भाग एकदाच बनवावा लागतो, मग तो थकत नाही, सातव्या पानावर रेघोट्याही मारत नाही. आता गाळायची पाळी खेळण्याची. "बाबा, पिक्चरमध्ये याच्या हातात केवढं सगळं फिरतं, आणि यात नुसतं कोरलंय," असं तो परवा म्हणाला. त्याच्या हातातल्या रोबोच्या दंडावर गिअरचे दात होते, न फिरणारे, जाड रेघेच्या आत बारीक रेघ काढावी तसे. मी त्याला आजोबांकडे पाठवलं.

बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, व्हर्नियर मात्र त्याच खणात आहे. डायाक्लोनच्या माणसांची हकीकत मी त्यांना कधीच सांगितली होती; तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, "मग? मी काय म्हटलं होतं?" परवा नातवाला त्यांनी रॅचेट काढून दिला. बंब गंजावा तसे त्याचे धातूचे भाग काळपट झालेत, स्टिकरं बहुतेक गेली, चेहराही गेला. उरली ती खुर्ची. दोघांनी मिळून ठरवलं की बसणारा माणूस आपणच बनवायचा. माप आजोबांनी सांगितलं, पाठ केलेलं असल्यासारखं, सव्वा इंच. मुलानं नळ दुरुस्तीचं एम-सील आणलं, दोन रंगांच्या लांब्या एकत्र मळल्या आणि थेट खुर्चीतच दाबून माणूस घडवला, म्हणजे नीट मापात बसेल. चांगला झाला होता. नाक होतं, गुडघे होते, एक हात स्टिअरिंगसाठी पुढे.

सकाळी काढायला गेलो तर निघेना. खुर्चीशी एकजीव झालेला. पेचकसानं, उलथन्याच्या टोकानं, सगळं करून पाहिलं. मुलगा रडवेला होऊन आजोबांकडे गेला. त्यांनी बोटानं काचेच्या आत चाचपलं, गुडघे सापडले तसे हसले, आणि म्हणाले, "आधी तेलाचं बोट फिरवायचं होतं रे."